मान आधी कुणी वर करायची?

महिला मंडळाची बैठक शहापूरला असो, टिळकवाडीत असो, नाहीतर निपाणी-सांगलीकडं असो. विषय काहीही ठेवा, तासाभरात बोलणं येऊन थांबतं ते पोरांच्या फोनवर. "आमचा बघा, जेवतानासुद्धा फोन सोडत नाही." "आमचीचं तर विचारूच नका, पाहुणे आले तरी मान वर नाही." "आजी हाका मारून दमते, हा ओ म्हणून देत नाही." मग सगळ्या माना डोलावतात. कुणी म्हणतं संस्कार कमी पडले, कुणी म्हणतं सरकारनं इंटरनेटच बंद करायला पाहिजे, आणि मग चहा येतो. चहा येईपर्यंत आणि आल्यावरही निम्म्या बायकांच्या हातात फोन असतो. त्याची नोंद मात्र मंडळाच्या वहीत होत नाही.

तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तेरा ते एकोणीस वयाची मुलं घरातल्या माणसांकडं दुर्लक्ष करतात, हे खरं आहे आणि ते लागतंही. दिवसभर ज्याची वाट बघितली तो पोरगा घरात येतो, चप्पल काढतो आणि आपल्याकडं न बघता आत जातो, तेव्हा आईच्या पोटात काय होतं ते मला कुणी सांगायला नको. माझं भांडण आहे ते या तक्रारीला आपण जी कारणं जोडतो त्यांच्याशी. ती सगळी मोठ्या माणसांच्या सोयीची आहेत. अर्धा दोष मुलांच्या पदरात, अर्धा फोन कंपनीच्या, आणि मोठ्यांच्या वाट्याला नुसती हळहळ. मी म्हणते, मुलांची मान खाली गेली ती मोठ्यांच्या मागोमाग गेली, आणि मोठ्यांची वर आल्याशिवाय ती वर येणार नाही. मुलांना कितीही नियम द्या, कितीही वेळा फोन काढून कपाटात ठेवा.

जैन घरात वाढलेल्या बाईला तीन शब्द लहानपणापासून ओळखीचे असतात : कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला संमती देणं. दोष तिन्हींत आहे, असं आपण बस्तीत ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. मुलांच्या फोनबाबत आपण फक्त 'कृत'चा हिशोब मांडतो. पोरगा बघतो, म्हणून पोरगा दोषी. उरलेले दोन कुणाच्या खात्यावर टाकायचे?

आधी 'कारित' बघू. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पाठोपाठ डेटा इतका स्वस्त झाला की जी घरं मोबाइलवर नुसतं बोलत होती ती व्हिडिओ बघायला लागली. आज पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुलं तेव्हा बालवाडी-पहिलीत होती. त्यांना पैसे मोजून फोन कुणी आणून दिला? जेवत नाही म्हणून ताटासमोर कार्टून कुणी लावलं? लग्नाच्या मांडवात रडू नये म्हणून हातात फोन कुणी दिला? मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनमध्ये आली. ज्या फोनला हात लावला की ओरडा बसायचा, त्याच फोनसमोर सकाळी आठला अंघोळ करून बसा, असं आपण सांगितलं. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणले. एक दार बंद झालं, दहा दिवसांच्या आत दुसरं उघडलं. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण गृहपाठ, नोटा, परीक्षेच्या सूचना सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच राहिलं. ट्यूशनचं तसंच. आज एसएसएलसीच्या मुलाला "फोन ठेव आणि अभ्यास कर" म्हणावं, तर तो खरं तेच सांगतो : "अभ्यास फोनमध्येच आहे की."

आता 'अनुमोदित'. अडीच वर्षांचं पोर बोटानं यूट्यूब लावतं, तेव्हा आजोबा चारचौघांत काय म्हणतात? "हुशार आहे हो, मला येत नाही ते याला येतं." पाच वर्षांच्या नातीचा नाच आपण स्टेटसला ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत किती जणांनी बघितला ते मोजतो. तीच नात तेरा वर्षांची झाली आणि स्वतःचे बघणारे मोजायला लागली, की आपल्याला संस्कार आठवतात. मोजायची सवय तिला बाहेरून लागली काय?

आणि ही मुलं लहान असताना त्यांच्या समोरचे चेहरे कुठं होते, हेही विचारायला पाहिजे. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी हसत-बोलत खेळते. मग तिला सांगतात, दोन-तीन मिनिटं बाळाकडं बघायचं, पण चेहरा कोरा ठेवायचा, हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळ आधी हसतं, मग हात पुढं करतं, आवाज काढतं, आईला पुन्हा खेळात ओढायला बघतं. काहीच घडत नाही तेव्हा ते बेचैन होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. मोबाइल यायच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग आहे. पण फोन बघताना माणसाचा चेहरा कसा होतो ते एकदा समोर बसून बघा. तोच कोरा चेहरा. बाळाला कुणी मारलेलं नाही, रागावलेलं नाही. समोर असून कुणी नाही, एवढंच. आजच्या तोंड फिरवणाऱ्या पोरांकडं बघताना मला तो प्रयोग आठवतो. आधी तोंड कुणी फिरवलं, हा प्रश्न कुठल्याच बैठकीत निघत नाही.

आता घरातलं बोलणं घ्या. माझी एक भाची पीयूसीला आहे. सुट्टीत आमच्याकडं आली होती. मी सहज म्हटलं, काय गं, तुझ्या आईशी दोन शब्द बोलत जा की. तर म्हणाली, "मावशी, मी मान वर केली की प्रश्न येतो." म्हटलं, कसला? तिनं बोटं मोजली. अभ्यास झाला का? टेस्टला किती पडले? कोणाशी बोलत होतीस? जेवलीस का? खोली कधी आवरणार? "मान खाली असली की निदान थोडा वेळ कोणी काही विचारत नाही," म्हणाली.

मी त्यानंतर जाईन त्या घरात कान देऊन ऐकायला लागले. पोरीचं म्हणणं खरं आहे. मोठी माणसं मुलांशी बोलतात ते एकतर चौकशी असते, नाहीतर हुकूम, नाहीतर तुलना. "शेजारच्यांच्या मुलाला नव्वद पडले." स्वतःचं काही सांगणं नाही. आज दुकानात काय गंमत झाली, बाजारात भाजीवालीशी कशी वादावादी झाली, लहानपणी मी कशाला घाबरत होते, यातलं काही नाही. ज्याच्याशी बोलून दर वेळी हिशोब द्यावा लागतो त्याच्याशी तुम्ही आपण होऊन बोलाल का? आपण बायका तरी सासरच्या अशा माणसाला टाळतच आलो ना? तो समोर आला की स्वयंपाकघरात काम काढायचं, ही आपल्या पिढीची युक्ती. या पिढीला स्वयंपाकघराऐवजी फोन सापडला.

फोनमध्ये काही नाही असं मात्र समजू नका. तिथं खूप आहे आणि ते फार हुशारीनं मांडलेलं आहे. पुस्तकाला शेवटचं पान असतं, मालिकेचा भाग संपतो, वर्तमानपत्र घडी करून ठेवता येतं. फोनमधल्या रीळांना तळ नाही. बोट सरकवत राहिलं की खालून पुढचं येतच राहतं, ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञानं काढली आणि पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुढचं रीळ चांगलं निघेल की भिकार, हे आधी कळत नाही. म्हणूनच बोट थांबत नाही. जत्रेतल्या लॉटरीवाल्यासमोर माणूस का खिळतो, त्याचंच हे घरगुती रूप. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी सरळ सांगितलं होतं की आमची स्पर्धा माणसांच्या झोपेशी आहे. जगातले हुशार पगारी लोक एका बाजूला आणि चौदा वर्षांचं पोर दुसऱ्या बाजूला. त्यात ते पोर हरलं तर आपण म्हणायचं, याला मनाचा ताबा नाही. पन्नाशीच्या माणसांना तरी आहे का? रात्री अकराला दिवा बंद झाल्यावर कोणकोणत्या खोल्यांतून उजेड दिसतो, ते एकदा उठून बघा.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याला दिसतो तो फोन. मुलांना त्यात दिसतात ती त्यांची माणसं. डॅना बॉइड या अमेरिकन संशोधिकेनं तिथल्या किशोरवयीन मुलांशी वर्षानुवर्षं बोलून २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं की, या मुलांना यंत्राची ओढ नसते, एकमेकांची असते. बाहेर भेटायला जागा उरल्या नाहीत, मोकळा वेळ उरला नाही, पालक भीतीनं एकटं सोडत नाहीत, म्हणून ती फोनमध्ये भेटतात. गोष्ट अमेरिकेची आहे, पण बेळगावात काय वेगळं चाललं आहे? शाळा, मग ट्यूशन, मग घर. गल्लीत क्रिकेट खेळली की गाड्यांच्या काचा. कट्ट्यावर बसली की 'टवाळ पोरं'. मैदान आहे तिथं न्यायला-आणायला कुणाला वेळ नाही. बाहेरचे सगळे दरवाजे आपण लावून घेतले आणि एक खिडकी उघडी ठेवली. पोरगं त्या खिडकीत जाऊन बसलं, तर आपण विचारतो, खिडकीतच का बसतोस?

मुलींचं तर याहून अवघड. मुलगा फोनवर दिसला की म्हणतात, वेळ घालवतोय. मुलगी दिसली की म्हणतात, कोणाशी बोलतेय? तिच्या फोनला पासवर्ड नको, पण भावाच्या फोनला चालतो. 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येतो अशांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडं स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के जणींकडं. म्हणजे बहुतेक मुली भावाच्या, बापाच्या फोनवर चोरूनमारून हक्काची दहा मिनिटं शोधतात. अशी पोर दहा मिनिटांसाठी फोन हातात आल्यावर आजीकडं बघेल की मैत्रिणीचा निरोप वाचेल?

इथंच या सगळ्यातली खरी भीतीची गोष्ट आहे, आणि ती आपण बोलत नाही. "फोन काढून घेईन" ही घराघरातली आवडती धमकी. तिचा अर्थ मुलगी कसा लावते? उद्या कुणी तिच्या फोटोत काहीतरी बदल करून तिला धमकावलं, कुणी अनोळखी माणूस घाणेरडं काही पाठवायला लागला, कुणी पैसे मागितले, तर ती आईकडं येईल का? नाही येणार. तिला पक्कं ठाऊक आहे, सांगितलं की आधी फोन जाईल, मग बाहेर जाणं बंद होईल, मग कॉलेज, आणि शेवटी 'तूच काहीतरी केलं असशील'. म्हणून ती एकटीच निस्तरायला बघते आणि जास्त अडकते. आपल्याला वाटतं, धमकी देऊन आपण फोनला कुलूप लावलं. कुलूप लागतं ते तिच्या तोंडाला. आपल्या लेकीला आजच सांगून ठेवा : असं काही झालं तर आधी माझ्याकडं ये, फोन मी घेणार नाही, चूक कुणाची ते नंतर बघू. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅस एजन्सीचा नंबर लिहितो ना, तसेच.

आता समाज म्हणून आपण काय करतो ते बघू. पर्युषणात दहा दिवस मुलांना 'मोबाइल त्याग'चा नियम देण्याची पद्धत अलीकडं पडली आहे. हेतू चांगला आहे. मध्य प्रदेशात बेगमगंजच्या जैन समाजानं २०२२ च्या पर्युषणात चोवीस तास फोन बाजूला ठेवून डिजिटल उपवास केला, त्याच्या बातम्या सगळीकडं आल्या. तिथं मोठी माणसंही सामील होती, म्हणून ते मला पटलं. आपल्याकडं काय होतं? नियम लहानांना आणि सूट मोठ्यांना. बाबांना दुकानाचे फोन येतात, काकांना शेअर बाजार बघायचा असतो, आईला मंडळाचा ग्रुप सांभाळायचा असतो. मुलं हात जोडून नियम घेतात आणि त्यांचा नियम घेतानाचा फोटो मोठी माणसं फोनवर काढून ग्रुपवर टाकतात. पोरांना हसू येतं ते उगीच नाही. घरात जो स्वतः रात्री जेवतो त्यानं मुलाला सूर्यास्ताआधी जेव म्हणून सांगितलेलं कधी चाललंय का?

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळच, सांगली जिल्ह्यात आहे. मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून हे सुरू झालं, पण बंद मात्र सगळ्यांचं. मालिका बघणाऱ्या आईचं, बातम्या बघणाऱ्या बापाचं, सगळ्यांचं. मला त्यातलं शहाणपण एवढंच दिसतं की नियम घराला लावला, एकट्या पोराला नाही.

आपल्याला तर भोंग्याचीही गरज नाही. ज्या घरांत अजून सूर्यास्ताआधी जेवण होतं, तिथं संध्याकाळी सातला सगळं आवरलेलं असतं. दुसऱ्या घरांत तेव्हा कुकरला शिट्ट्या होत असतात आणि आपल्याकडं भांडीसुद्धा घासून झालेली. एवढी मोठी मोकळी संध्याकाळ दुसऱ्या कुठल्या समाजाला मिळते? पूर्वी ती बोलण्यात जायची. अंगणात, ओसरीवर, शेंगा फोडत, वाती वळत. त्या बोलण्यात पोरांना उद्देशून काही नसायचं, तरी ती तिथंच घुटमळायची, कारण मोठ्यांच्या गप्पा ऐकायला मिळायच्या. आता त्याच संध्याकाळी चार माणसं चार कोपऱ्यांत आणि चौघांच्या तोंडावर निळा उजेड.

सामायिकाला आपण दोन घटका देतो, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढाच वेळ रोज घराला द्या. त्या वेळात फोन एका परडीत, आणि परडीत पहिला फोन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा. दुकानाचा अगदीच महत्त्वाचा फोन असेल तर वाजेल तेव्हा उठून घ्यावा, पण तो हातात धरून बसू नये. त्या ४८ मिनिटांत मार्क, अभ्यास, लग्न आणि शेजाऱ्यांची मुलं हे चार विषय बंद. बोलायला काही सुचलं नाही तर गप्प बसा, शेंगा सोला, पत्ते खेळा. पहिले आठ दिवस पोरं घड्याळाकडं बघतील. मोठी माणसं त्यांच्याहून जास्त वेळा बघतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. गजराला आठवडी बाजारात घड्याळ मिळतं.

आणि समाजाच्या कार्यकारिणीवरच्या मंडळींना माझं एक मागणं आहे. लग्नसराई आणि पर्युषण सोडलं तर आपली कार्यालयं, बस्तीशेजारची सभागृहं वर्षातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. संध्याकाळी दोन तास ती मुलामुलींना उघडून द्या. दोन कॅरम, एक टेबल टेनिस, चार बुद्धिबळाचे पट, बस्स. प्रवचन नको, प्रमाणपत्र नको, फोटो नको. मुलींना वेगळी वेळ वगैरे काढून त्यांना पुन्हा मागं ढकलू नका. एखादी आजी तिथं वाती वळत बसली तर लक्ष राहील, आणि तिलाही चार तोंडं दिसतील. देणगीदारांची नावं फरशीवर कोरायला आपल्याला पैसे पुरतात, दोन कॅरमला पुरणार नाहीत असं नाही.

यावर मला विचारतील, मग पोरांची काहीच चूक नाही का? आहे की. सोळा वर्षांच्या पोराला एवढं कळायला हवं की आजी बोलत असताना कानातली बोंडं काढायची, पाहुणे आले की उठून उभं राहायचं, आईनं दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ आणायची नाही. हे सांगायलाच पाहिजे, आणि कडकपणे सांगायला पाहिजे. पण सांगणाऱ्याची स्वतःची मान वर असेल, तरच ते कानात शिरेल. दुसरं कुणी म्हणेल, आम्हीसुद्धा पोरवयात कादंबऱ्यांत डोकं घालून बसत होतो, आईच्या शिव्या खात होतो, सगळ्या पिढ्यांत हे चालतंच. तसं म्हणून सुटका होत नाही. कादंबरी संपायची आणि आपण बाहेर यायचो. बाहेर कुणीतरी असायचं.

माझ्या डोळ्यांसमोर सारखी येते ती घरातली म्हातारी. आपण तक्रार करतो आपल्याकडं पोरं बघत नाहीत याची. पण घरात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडं पोरंही बघत नाहीत आणि आपणही नाही. तिला फोन चालवता येत नाही, टीव्हीवरचं नीट दिसत नाही, ऐकू कमी येतं. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या वाकलेल्या माना बघते आणि जपमाळ ओढते. काही वर्षांनी त्या कोपऱ्यात आपण असणार आहोत. तेव्हा नातवंडांनी मान वर करून बघावं असं वाटत असेल, तर आजच्या पोरांना ते कुठंतरी बघायला मिळालं पाहिजे. आज संध्याकाळी सातला तिच्याशेजारी कोण जाऊन बसतं, हे घरातली पोरं फोनच्या कडेवरून बघत असतात. त्यांना वाटतो तेवढा फोनचा मोह नाही. एवढं त्यांना नक्की दिसतं.